गोधडीचा घास

साहेब, "चिंध्या" हा शब्द तुमचा. मस्कतच्या मराठी समितीच्या भर सभेत, माइक तोंडाशी धरून तुम्ही म्हणालात, "असल्या चिंध्या पाठवून परमुलखात आपल्या समाजाची अब्रू घालवू नका." पुढच्या खुर्च्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमच्या मागच्या टेबलावर येमेनला पाठवायची समितीची ब्लँकेटं रचलेली होती. प्लास्टिकच्या पिशव्यांत, प्रत्येकावर समितीचं बोधचिन्ह. उजेडाकडे धरलं तर पलीकडच्या माणसाच्या मिशा मोजता येतील, अशी ती ब्लँकेटं. आणि शेवटच्या रांगेत एक बाई दोन्ही हातांवर गोधडी घेऊन उभी होती. गोधडीच्या मधोमध निळ्या जाड कापडाचा चौकोन होता.

"साहेब, येकदा हात तरी लावून बघा," बाई म्हणाली.

"बाई, प्रश्न हात लावण्याचा नाही, स्टँडर्डचा आहे. बसा खाली."

ती बसली नाही. तिनं गोधडीची घडी घातली, काखेला मारली आणि दाराकडे चालू लागली. "अहो, चहा तरी घेऊन जा," कुणीतरी मागून म्हणालं. तिनं चहाही घेतला नाही. जयवंतीबाई चहाला नाही म्हणतात म्हणजे काय, हे शेवटच्या रांगेला बरोबर कळलं. तुम्हाला कळायचं कारण नव्हतं. तुमचा चहा वेगळ्या कपात येतो.

कोण ही जयवंती? तर कुणीच नाही. पाटण तालुक्यातल्या डोंगरातली, मस्कतच्या एका मोठ्या हॉटेलच्या तळघरात लिनन रूममध्ये कामाला. वर झुंबरं, खाली ती. चादरीला भोक पडलं की रफू, टॉवेलची किनार सुटली की टीप, आणि रफूपलीकडे गेलेली चादर कोपरा फाडून बाद करायची. नवरा एकनाथ मस्कतच्याच वादी अदाई भागात प्लंबर होता. छातीत कळ आली आणि रुवीच्या रस्त्यावर गाडीतच गेला. त्याचा निळा कामाचा शर्ट तिनं बाद केला नाही, एवढंच. बाकी तिच्या आयुष्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

मग २०१७ च्या सरत्या दिवसांत चौथ्या मजल्यावरून तक्रार आली. तिथं सरकारी खर्चानं येमेनमधलं एक कुटुंब उतरलं होतं. नवऱ्याच्या पायात तोफगोळ्याचा तुकडा घुसलेला, त्याच्यावर मस्कतला इलाज चालू होता. त्या खोलीतले टॉवेल गायब होत होते. कॉनराड, म्हणजे वसईचा लाँड्री सुपरवायझर, जयवंतीला म्हणाला, "बाय, तू जाऊन बघ. मी गेलो तर ती बाई घाबरेल, आणि मॅनेजर गेला तर मी घाबरेन."

ती खुदेजाला बरोबर घेऊन गेली. खुदेजा रत्नागिरीकडची, त्याच हॉटेलात मजल्यावर साफसफाईला. वीस वर्षं अरबांत राहून अरबी पाण्यासारखी बोलायची. दार उघडलं, तर गायब टॉवेल सगळे पलंगावरच. एकावर एक तीन थर, आणि हॉटेलच्या शिवणाच्या पुडीतला पांढरा दोरा घेऊन ती येमेनी बाई त्यांना धावदोरा घालत होती. आत जाणारा, बाहेर येणारा, पुन्हा आत जाणारा. जयवंतीच्या सासूचा टाका. तसाच. तसूभर फरक नाही.

"अगो बाय," जयवंती पुटपुटली, "ही तर वाकळ शिवत्येय!"

त्या बाईनं टॉवेल छातीशी धरले. खुदेजानं विचारलं, ती सांगत गेली. मारिबच्या पलीकडे डोंगरात त्यांचं गाव. गावावरून दोन्हीकडचे गोळे जातात, म्हणून सगळे खालच्या शाळेत राहतात. शाळेला भिंती आहेत, खिडक्यांना काचा नाहीत. रात्री पाणी गोठतं.

"पानी गोठतं?" जयवंतीला खरं वाटेना. इतकी वर्षं ओमानात काढली, थंडी म्हणजे एसीची एवढंच तिला ठाऊक. "आरबाच्या मुलखात?"

"गोठतं म्हणते. गेल्या हिवाळ्यात हिचं धाकटं गेलं," खुदेजा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "गोळीनं नाही गो. थंडीनं."

जयवंतीनं टॉवेलांची तक्रार केली नाही. संध्याकाळी ती बाद चादरींचा गठ्ठा घेऊन वर गेली, आणि निघताना त्या बाईला म्हणाली, "अजून पाठवीन. सगळ्या शाळंला. इन्शाल्ला."

आता इथं राहणाऱ्या कुणालाही विचारा. पगार कधी होणार? इन्शाल्ला. सुट्टी मिळणार? इन्शाल्ला. म्हणजे विसरा. जयवंतीला हे माहीत होतं. त्या बाईलाही माहीत असावं, कारण ती नुसती हसली. ते हसणं जयवंतीला टोचलं. तळघरात उतरता उतरता तिनं ठरवलं, हा शब्द यावेळी खरा करायचा.

*

जयवंती वादी अदाईत राहायची त्या इमारतीची गच्ची शुक्रवारी भरायला लागली. चहूकडे बोडके तपकिरी डोंगर, आणि मधे बायकांची ही पंगत. कॉनराडनं हॉटेलच्या बाद चादरी रीतसर मागून आणल्या, घराघरातून जुने दिशदाशे, म्हणजे इकडचे पायघोळ अरबी झगे, साड्या, शर्ट आले. जयवंती थर लावायची, बाकीच्या धावदोरा घालायच्या. खुदेजा "बिस्मिल्ला" म्हणून सुई उचलायची, कॉनराडची बायको डेझी क्रूसाची खूण करून.

पहिली गोधडी होत आली तेव्हा शेवटचा कोपरा उघडा ठेवून जयवंती तांदळाचा डबा घेऊन आली.

"हे कशाला?" खुदेजानं विचारलं.

"गोधडीचं पोट भराया नगं? उपाशी पांघरून कुनाला ऊब देनार? सासू म्हनायची, कोपरा मिटायच्या आधी घास भरवायचा. चिमूटभर. बास."

"चिमूटभर?" डेझी म्हणाली. "बरफात चिमूटभर खाऊन कोण जगतं?" आणि तिनं मूठ घातली.

झालं. मग कोण मागे राहतंय! एकीनं ज्वारी घातली, एकीनं नाचणी, खुदेजानं मसूर. "माझ्या गोधडीला डाळ-भात हवा," म्हणाली. कॉनराड जिन्यात उभा राहून ओरडला, "डेझी, लग्नापासून मला एवढं प्रेमानं नाय वाढलंस!" जयवंतीनं कोपरे चाचपले. टेंगळं आली होती. चिमूट सांगितली होती, मूठ गेली होती. पण देणाऱ्या हाताला आवर म्हणायला तिची जीभ उचलेना. चूक झाली ती तिथं.

गोधड्या भिंतीएवढ्या रचल्या गेल्या. पहिली, निळ्या चौकोनाची, घेऊन ती तुमच्या सभेला आली, कारण ट्रक तुमच्याकडे होता. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

सभेतून परतल्यावर कॉनराड लिनन रूमच्या दारात टेकला. "बाय, ऐक. खाबुऱ्याला माझा एक अर्बाब आहे, बागवाला शेठ. हॉटेलला लिंबं, भाजी तोच देतो. त्याचा ट्रक केळी आणायला सलालाला रिकामा जातो. मी बोललो त्याला."

"काय म्हनला?"

"बोलला, थंडीत लेकरांना पांघरूण? यल्ला, चला, भर. दोन मिनिटं लागली. मिटिंग नाय, ठराव नाय, पुष्पगुच्छ नाय."

ट्रकवर जहूर होता, पेशावरकडचा पठाण. मागून कॉनराडची गाडी, तिच्यात जयवंती आणि खुदेजा. हैमाच्या पुढे वाळवंट असं सपाट की कॉनराडला झोप येऊ नये म्हणून खुदेजा त्याच्याशी मुद्दाम भांडत होती. सुरमई वसईची चांगली की रत्नागिरीची, यावर थुमरेतपर्यंत निकाल लागला नाही. तिथून पश्चिमेला वळलं की मझ्यूना, येमेनची वेस. इकडचा माल तिथल्या आवारात तिकडच्या ट्रकवर चढतो. पुढं आपल्याला जाता येत नाही.

पुढं नेणार होता मुनीर. येमेनी ड्रायव्हर, पोरगेला नाही, चाळिशीचा, एका कानानं बहिरा. तो कान गोळ्यानं गेलेला. पूर्वी सलालाला मल्याळ्यांच्या आणि आपल्या लोकांच्या हाताखाली काम केल्यामुळे मोडकं हिंदी बोलायचा. तो आणि त्याचे चार सोबती स्वतःचे ट्रक घेऊन, कुणाच्या सांगण्यावरून नाही की पगारावर नाही, त्या शाळांपर्यंत सामान पोचवायचे. दुपार कलल्यावरची असरची नमाज झाली की सगळे ट्रक एकत्र निघणार होते. एकटादुकटा ट्रक त्या रस्त्यानं जात नाही. आज चुकलं तर पुढची खेप कधी, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. थंडी मात्र तिकडे आधीच पोचली होती.

*

तपासणीचा अधिकारी तरुण होता. नीट होता, उगाच आवाज चढवणारा नव्हता. त्यानं वरची गोधडी दाबून पाहिली. कोपऱ्यावर बोटं थांबली. दुसरी घेतली. पुन्हा कोपरा. तिसरी.

"ये क्या है?" त्यानं खिशातला चाकू काढला आणि निळ्या चौकोनाच्या गोधडीचा कोपरा उसवला. तांदूळ त्याच्या बुटांवर सांडले.

आवारातले बाकीचे ड्रायव्हर वळून बघू लागले. कॉनराडचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा पांढरा.

खुदेजानं घाईघाईत अरबीत सगळं सांगितलं. सासू, घास, पोट, उपाशी पांघरूण. अधिकाऱ्यानं पूर्ण ऐकून घेतलं. मग जयवंतीकडे वळून हिंदीत म्हणाला, "अम्मा, उधर लड़ाई है. सिलाई के अंदर कुछ छुपा के जाएगा तो मैं कैसे छोड़ूँ? आज चावल है, कल और कुछ होगा." त्याचं चुकत नव्हतं. तिलाही ते पटलं.

"मस्कत में तुमको पहचानने वाला कोई है? कोई संस्था?" त्यानं विचारलं.

आणि साहेब, कॉनराडनं तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर. पठाण ऐकत होते, येमेनी ऐकत होते, चहावाला ऐकत होता. एवढंच सांगायचं होतं की होय, ही आमची माणसं आहेत.

"कोण जयवंती?" तुमचा आवाज आला. "त्या मालाशी समितीचा काहीही संबंध नाही. उद्या त्यातून काय निघालं तर? नो, सॉरी." आणि फोन बंद.

मराठी कळणारे तिथं तिघंच होते. पण फोन कसा ठेवला, ते सगळ्यांना कळलं.

"खलास," म्हणत खुदेजा गाडीच्या चाकाला टेकून खाली बसली. तिच्या डोळ्यांना धार लागली. "एवढं शिवलं गो आपण. खलास."

"खलास काय?" जयवंतीचा आवाज इतका करडा निघाला की मुनीरच्या बहिऱ्या कानालाही ऐकू गेला. "ऊठ. उसवायचं आन् पुन्ना शिवायचं. जन्मभर दुसरं काय केलंय मी?" ती अधिकाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली. "साब, हर कोना खोलती. तुम देखो. बाद में सिलती. फिर जाने देते?"

त्यानं गोधड्यांच्या भिंतीकडे पाहिलं. मग सूर्याकडे. "असर से पहले? सब? अम्मा, कैसे होगा?"

"इन्शाल्ला," जयवंती म्हणाली, आणि भर आवारात मांडी घालून बसली.

तिनं पहिला कोपरा उसवला. तांदूळ पसरलेल्या चादरीवर टाकले, आतून हात फिरवून दाखवला, कोपरा मिटला, दुसरी ओढली. खुदेजा बसली. कॉनराड बसला. तिघांनी काय होणार होतं? जहूर थोडा वेळ दाढी खाजवत बघत राहिला. मग ट्रकच्या पायरीवर चढला आणि आवारभर ओरडला, "ओ खोचे! सुई किस किस के पास है?"

आता ट्रक ड्रायव्हरकडे काय नसतं? ताडपत्री फाटली तर भर वाळवंटात कोण शिवून देणार? प्रत्येकाच्या सीटखाली दाभण आणि मेणदोरा असतोच. एक उतरला, दोन उतरले. पठाण, बलुची, येमेनी, एक सोहारचा म्हातारा ओमानी. बघता बघता रांग धरली. मुनीर तिच्या शेजारी बसला. "बहेन, मैं तो खाली तिरपाल सीता है. मोटा हाथ."

"तिरपालच समज बाबा. खाली लेकरं झोपनार हायत."

एका बाजूनं उसवणारे, मधे अधिकारी हात घालून बघणारा, दुसऱ्या बाजूनं शिवणारे. जयवंती रांगेतून फिरत होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हाताखाली माणसं होती. "आरं, येवढा लांब टाका? उंदीर जाईल त्यातनं! हां, ह्ये बघा, ह्यो सोहारचा आजा कसा शिवतोय, शिका जरा!" कुणालाच मराठी येत नव्हतं, आणि एकालाही तर्जुमा लागला नाही.

चादरीवर दाण्यांचा ढीग वाढत गेला. "इसको फेंक दो," अधिकारी म्हणाला.

"फेकत न्हाईत," जयवंती म्हणाली. "घास हाय त्यो."

जहूरचा स्टोव्ह आला, चहावाल्याचं मोठं पातेलं आलं, कांदे आले, खाबुऱ्याच्या ट्रकमधून तळाशी उरलेली सुकी लिंबं आली. डेझीचा तांदूळ, खुदेजाची मसूर, ज्वारी, नाचणी, सगळं एकत्र शिजलं. खरं सांगायचं तर बेकार झालं. तांदळाची पेज झाली, ज्वारी दाताखाली कडकड वाजत राहिली. कॉनराडनं पहिला घास घेतला आणि म्हणाला, "बाय, गोधडीत होतं तेच बरं होतं." पण पातेलं चाटूनपुसून संपलं. अधिकाऱ्यानंही उभ्यानं खाल्लं, मग त्यांच्यात खाली बसून खाल्लं.

खाताना त्यानं विचारलं, "अम्मा, अब ये सब भूखा जाएगा? गर्मी नहीं देगा?"

प्रश्न गमतीचा नव्हता. जयवंतीनं हातातलं काम थांबवलं. खरंच, आता काय? सासूला विचारायची सोय नव्हती.

"जो जेवला, त्यानं येक टाका घालायचा," ती शेवटी म्हणाली. "मंग घास गोधडीतच गेला." खुदेजानं ते अरबीत सांगितलं. मुनीरनं मान हलवली, जणू हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

शेवटी एकच कोपरा उरला. निळ्या चौकोनाचा, ज्याला पहिला चाकू लागला होता तो. जयवंतीनं सुई अधिकाऱ्यापुढे धरली. तो लाजला, इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि शिवायला लागला. एक टाका पूर्वेला, एक पश्चिमेला. शेवटची गाठ मारली तीही तिरकी.

जयवंतीनं पाहिलं. "साब, ये टाका नहीं, ये कुंपन है. बकरी अटकेगी."

खुदेजानं भाषांतर केलं तसं सगळं आवार हसलं, आणि सर्वांत मोठ्यानं तो. मग उठून त्यानं हात झटकला. "यल्ला!"

नमाज झाली. मुनीरचा ट्रक सगळ्यात शेवटी फाटकातून निघाला, वर गोधड्या, त्यावर ताडपत्री. त्यानं खिडकीतून हात काढला नाही, हॉर्न दिला. लांबच लांब. पाचही ट्रकांनी दिला. इकडच्या उभ्या ट्रकांनी उत्तर दिलं, जहूर तर आपल्या हॉर्नवर हातच ठेवून बसला. एखाद्या राजाच्या स्वारीला असे नगारे वाजले नसतील. जयवंती पदर खोचून उभी होती, बोटांना फडकं गुंडाळलेलं, आणि तिच्या डोळ्यात पाण्याचा थेंब नव्हता. ती दात काढून हसत होती.

त्या दिवशी समितीची ब्लँकेटं कुठं होती, साहेब? रुवीच्या हॉलमध्येच. उद्घाटनाला पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती.

*

पंधरवड्यानं मुनीरचा फोटो कॉनराडच्या मोबाइलवर आला. शाळेची खोली, फळ्यावर अजून कुणीतरी काढलेलं गणित. काच नसलेल्या खिडकीत एक गोधडी ताणून बसवलेली, आणि तिच्या खाली, दुसरी अंगावर घेऊन, ती चौथ्या मजल्यावरची बाई, आता परत गेलेली. मांडीवर दोन पोरं. एक कॅमेऱ्याकडे बघतंय, एक गाढ झोपलंय. अंगावरच्या गोधडीवर निळा चौकोन.

खाली मुनीरनं अरबीत चार शब्द लिहिले होते. खुदेजानं वाचून दाखवले. "ती म्हणते, इन्शाल्ला पोचलं."

जयवंतीनं तो फोटो खूप वेळ बघितला. निळ्या चौकोनावर अंगठा फिरवला. "थंडीला उपयोगी पडले म्हनायचे आमचे मालक," एवढंच म्हणाली आणि चादरींकडे वळली.

कॉनराडला राहवलं नाही, त्यानं फोटो सगळ्या ग्रुपांत टाकला. तो फिरत फिरत तुमच्यापर्यंत पोचला. आणि २०१८ च्या वर्षअखेरच्या स्नेहसंमेलनात हॉलच्या भिंतीवर समितीचं नवीन कॅलेंडर लागलं. जानेवारीच्या पानावर तोच फोटो. वर बोधचिन्ह. खाली ओळ : "आमच्या समितीची ऊब, युद्धाच्या उंबरठ्यावर." तुम्ही माइकवर होतात. पुढच्या खुर्च्या टाळ्या वाजवत होत्या.

जयवंती शेवटच्या रांगेतून उठली. यावेळी तिच्या हातात चहाचा कप होता. ती भिंतीपाशी गेली, कॅलेंडर खिळ्यावरून काढलं आणि घेऊन सरळ मंचासमोर आली.

"साहेब, ह्यो कोपरा बघा." तिनं बोट ठेवलं. फोटोतसुद्धा तो टाका स्पष्ट दिसत होता. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. "ह्यो टाका माझा न्हाई. माझा असा वाकडा नसतो. खुदेजाचा न्हाई, डेझीबाईचा न्हाई. ज्यानं घातला त्यो परका मानूस जमिनीवर बसून घालून गेला. आमच्याबरोबर जेवून. तुमचा कुटला?"

"बाई, हे व्यासपीठ त्यासाठी नाही. बसून घ्या."

"मी बसून घ्यायला न्हाई आले. दोन तोंडं नगं. चिंध्या म्हनला, तर मंग कॅलेंडरावर काय लावलंय? संबंध न्हाई म्हनला, तर वर शिक्का कसला? तुमच्या समितीतल्या कुनाही येकाचा टाका दावा ह्यात. येकच. दावा, मी जाते."

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. खुदेजा उभी राहिली. मग डेझी. मग कॉनराड. मग गच्चीवरची एकेक बाई. शेवटची रांग उभी राहिली, तिच्या पुढची राहिली, आणि टाळ्या वाजवणाऱ्या खुर्च्या माना वळवून बघत बसल्या. जयवंतीनं एका हातात कॅलेंडर धरलं, दुसऱ्या हातानं चहाचा घोट घेतला. सावकाश, पुरता, उभ्यानंच.

माइक अजून तुमच्याच हातात आहे, साहेब. तो चालू आहे, आम्ही तपासलाय. चहा संपला, बाई उभ्या आहेत, सगळा हॉल ऐकतोय.

तुमचा टाका कुठला? बोट ठेवा, आणि बोला.